चव नावाचा कॉलम

दुपारचे तीन. फैजपूर.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसती हवा घरघरतेय.
स्क्रीनवर लाल ओळ:
‘पातळी’ नावाचा कॉलम अस्तित्वात नाही.

नाही म्हणे.
मला तर समोर दिसतोय,
एकशे बारा विहिरींच्या डोक्यावर
ढळढळीत, पा-त-ळी.

आधी वाटलं, मीच उलटं लिहिलं असणार.
या भाषेत नाव बदलताना
नवं आधी लिहायचं, मग बरोबरचं चिन्ह, मग जुनं.
सहा वर्षं झाली, अजून हात अडखळतो.
नवी सून उंबऱ्यात उभी राहून
घरच्यांनाच विचारतेय, तुम्ही कोण,
तसं काहीसं.
फिरवून पाहिलं. लाल ओळ तीच.

मग यंत्राला म्हटलं, अक्षरं मोज.
मला दिसतात तीन.
त्याला दिसायला हवीत पाच,
ते काना आणि वेलांटी वेगळी धरतं,
शिंपी कापड आणि बटणं वेगळी धरतो तसं.
उत्तर आलं: सहा.

सहावं कोण?

शेवटच्या वेलांटीच्या पलीकडे
एक मोकळी जागा उभी होती,
काही न बोलता.

फोन लावला. सुभान तडवी,
सातपुड्याच्या पायथ्याशी मोटारसायकल थांबवून
विहिरीत दोर सोडतो, गाठी मोजतो,
आणि काठावर बसून एका अंगठ्यानं मोबाइलमध्ये भरतो.
भाऊ, शब्द संपला की तुम्ही स्पेस देता का?
पलीकडे हसू.
‘देतो ना ताई. अंगठ्याले बी जरा दम खाऊ द्या.’

एका ओळीत सगळ्या नावांच्या कडा छाटल्या.
लाल गेलं.
मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत
मागचा महिना या महिन्याशेजारी ठेवला,
आणि विहीर क्रमांक एक्केचाळीस
तीन मीटरवरून सत्तावीसवर गेलेली दिसली.
तिच्या खालची चारवरून एकतीस.
त्याच्या खालची दोनवरून...
तीस दिवसांत एवढं पाणी कोणी प्यायलं?

कोणी नाही.
मागच्या महिन्यात घाईत मी नावं नंबरानं बदलली होती.
चौथ्याला हे, पाचव्याला ते,
जत्रेत रांगेतल्या पोरांना टोप्या वाटाव्यात तशी.
आणि सुभानभाऊनं त्याच महिन्यात
मधेच एक पोर उभं केलं होतं, मला न सांगता:
चव. एक ते पाच.
एक म्हणजे मचूळ, पाच म्हणजे गोड.
चवीच्या डोक्यावर मी पातळीची टोपी घातली.
तेव्हा लाल ओळ आली नव्हती.
एका स्पेससाठी आकांत करणारं यंत्र
यावर अवाक्षर बोललं नव्हतं.
अहवाल जळगावला गेला.
सरासरी पातळी सव्वातीन मीटर.
साहेबांनी कळवलं होतं: उत्तम.

चहावर साय धरली.

नंबर काढले. एकेकाला त्याच्या नावानं हाक मारली,
आलेलं नाव बरोबर का, ते प्रत्येक वेळी विचारलं.
साहेबांना चार ओळी लिहिल्या.
त्यातली दुसरी, ‘चूक माझी आहे’,
तीनदा खोडून परत लिहिली.

मग पुन्हा फोन.
भाऊ, चव कोणी मागितली होती?
‘कोनी नही. पन दोर वर आला का
हात वला व्हतो ताई,
वला हात तोंडालेच जातो.’

कार्यालयाच्या साच्यात त्या कॉलमला घर नाही.
बाकीच्यांची नावं मी साच्यासारखी करून घेतली,
आखूड, एका मापाची.
चव तशीच ठेवली, शेवटी,
तिच्या दोन अक्षरांत.

तिच्यातली नऊ घरं रिकामी आहेत.
यंत्र तिथं ‘उपलब्ध नाही’ असं लिहितं
आणि सरासरी काढायला नकार देतं.
विचारलं, ही नऊ राहिली का भरायची?

‘राह्यली नही,’ सुभानभाऊ म्हणाला,
‘दोर कोल्ला वर आला.
आता दोराची चव काय लिहू?’